पहिल्या रांगेला ऐकू आलं

४ फेब्रुवारी २०२४, रविवार. रुपये एक हजार एकशे एक फक्त. श्यामकांत खासनीस यांचं कलाक्षेत्रात ठरलेलं पहिलं मानधन ते एवढं. त्यातले पाचशे एक त्याच दिवशी पाकिटातून हातात पडले. उरलेले सहाशे चित्रपट पूर्ण झाल्यावर, असं दिग्दर्शक म्हणाला. श्यामकांतांनी पाकीट उघडलं नाही. केंद्र सरकारच्या लेखा विभागात त्यांची सगळी हयात गेली होती, आणि न मोजता खिशात घातलेले पैसे तेवढेच.

तोवर ते प्रॉम्प्टर होते. साताऱ्याहून बी.कॉम. होऊन दिल्लीला नोकरीवर रुजू झाले, त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात ते सरोजिनी नगरच्या मराठी मंडळाचं नाटक पाहायला गेले. प्रॉम्प्टरला कावीळ झाली होती. कुणीतरी या नव्या, सडपातळ, गप्प मुलाच्या हातात नाटकाची प्रत आणि बॅटरी दिली आणि विंगेत एका लोखंडी खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवरून ते पुढे उठलेच नाहीत. मंडळाचे अध्यक्ष बदलले, नट बदलले, नायिकांच्या मुलींची लग्नं झाली, त्या मुली नायिका झाल्या. विंगेतली खुर्ची आणि तिच्यावरचे खासनीस मात्र तेच.

प्रॉम्प्टिंगची त्यांनी स्वतःपुरती एक पद्धत ठरवली होती. नट अडला, की वाक्याचा पहिला शब्द नुसत्या श्वासात द्यायचा. उचलला नाही, तर दुसऱ्यांदा जरा आवाजात. तरीही नाही, तर तिसऱ्यांदा खणखणीत, मग काय व्हायचं ते होवो. तिसऱ्यांदा देण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आवाज नटाच्या कानापर्यंत पोचावा आणि पहिल्या रांगेच्या एक वीत अलीकडे पडावा, यात त्यांची सगळी विद्या होती. बाळ साने हे मंडळाचे कायमचे सासरे. दुसऱ्या अंकात ते हमखास अडत. अडण्याआधी ते चष्मा काढून पुसत. श्यामकांत चष्म्याला हात गेल्याबरोबर वाक्य देत, आणि काच पुसून होईपर्यंत सान्यांना ते स्वतःलाच आठवलेलं असे. सुरेखाताई गुप्ते यांचं पाठांतर पोलादी. त्यांना कधी काही द्यावं लागलं नाही. पण खुर्ची रिकामी दिसली, तर त्या प्रवेश घेत नसत.

"तुम्ही तिथे दिसलात, की मला सगळं आठवतं," त्या म्हणायच्या. "म्हणजे तुम्ही माझे देवच. काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

सगळ्यांचे संवाद स्वतःशी म्हणत राहायची सवय श्यामकांतांना तेव्हापासूनची. स्टेजवर कुणीही बोललं, की विंगेत यांचे ओठ हलत. विंगेत बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यात वावगंही काही नव्हतं.

त्यांची बायको चंद्रप्रभा लग्नाच्या वर्षापासून पहिल्या रांगेत बसत आली. नाटक संपल्यावर लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरपर्यंत दोघं चालत जात. वाटेत ती नेमकं एकच वाक्य म्हणे, "आज फार छान झालं. मला काहीच ऐकू आलं नाही." यापेक्षा मोठी दाद त्यांना कुणी दिली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाच्या ती लक्षात येण्यासारखीही नव्हती.

श्यामकांत ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडायचा आणि तळेगावच्या फ्लॅटमध्ये जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे यंदाचं नाटक शेवटचं. आणि नेमकं यंदाच जानेवारीच्या बैठकीत मंडळाने ठरवलं, की नाटक करायचं नाही. नट पांगले होते. कुणी द्वारकेला, कुणी गुडगावला, कुणी थेट ग्रेटर नोएडाला. तालमीला सगळे जमेपर्यंत पहिले आलेले परत निघत. त्यामुळे सिद्धांत जोग याने उभं राहून सांगितलं, की आपण नाटकाऐवजी चित्रपट करू. रविवारी रविवारी शूट करायचं, ज्याला जमेल त्याने यायचं, आणि गणपतीत त्याच स्टेजवर पडदा टांगून दाखवायचा.

सिद्धांत मूळचा पुण्याचा, गुडगावच्या एका कंपनीत टीम लीड. कॅमेरा त्याचा स्वतःचा होता, आणि कथाही. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. टाळ्या ओसरल्यावर सुरेखाताईंनी विचारलं, "मग खासनिसांचं काय? सिनेमाला प्रॉम्प्टर लागतो का?"

"लागत नाही, ताई. विसरला, तर पुन्हा टेक."

सगळ्यांनी श्यामकांतांकडे पाहिलं. ते बैठकीच्या खर्चाची, म्हणजे चहा-समोशाची, पावती बघत होते. सिद्धांत मुळात भला मुलगा. तो घाईने म्हणाला, "काकांना आपण रोल देऊ ना! बिल्कुल देऊ. कुलकर्णी म्हणून एक शेजारी आहेत. पूर्ण पिक्चरभर आहेत. आणि डायलॉगपण आहे. एक."

बैठकीहून दोघं घरी येताना चंद्रप्रभा नेहमीपेक्षा हळू चालली.

"अहो, एक वाक्य म्हणजे पुष्कळ झालं," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं खुर्चीत बसून सगळ्या दिल्लीचे आवाज ऐकले. जाण्याआधी एकदा तुमचा ऐकायचाय. बास."

 त्या दिवसापासून श्यामकांत दाढी करताना एका वाक्याची तालीम करू लागले. वाक्य होतं, "ती बॅग मीच बदलली."

चित्रपटाचं नाव 'सामान आपापलं सांभाळा'. विमानतळावर दोन सारख्या बॅगांची अदलाबदल होते. एकीत एका खानदानी दागिन्याचा नकाशा असतो, दुसरीत चकल्या. नायक अनिश, म्हणजे सिद्धांतच्याच टीममधला एक उंच पोरगा, चकल्यांची बॅग घेऊन द्वारकेच्या सोसायटीत येतो, आणि तिथून सगळा गोंधळ सुरू होतो. अखेरीस कळतं, की बॅग बदलली ती शेजारच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या कुलकर्ण्यांनी. "तुमच्यावर कुणालाच संशय येणार नाही, काका," सिद्धांत म्हणाला. "तुम्ही असता, पण कुणाला दिसत नाही. हीच तर गंमत आहे, यार." हे कौतुक म्हणून घ्यायचं की कसं, यावर श्यामकांतांनी मेट्रोत राजीव चौकापर्यंत विचार केला आणि कौतुक म्हणून घेतलं.

कथा कागदावर ठीक होती. पुढे ती रविवारच्या हाती गेली. नायिका रेवतीची मार्चमध्ये हैदराबादला बदली झाली, तेव्हा तिचं पात्र कोमात गेलं आणि व्हिडिओ कॉलवर कोमातूनच दिसू लागलं. सुरेखाताई नायकाची आई होत्या आणि पहिल्या अर्ध्या तासात मरणार होत्या.

"मध्यंतराआधी मी मरत नाही," त्यांनी सांगितलं. "गेल्या अठरा वर्षांत मेलेली नाही. लोकांना सवय नाही."

"ताई, तुमच्या मृत्यूमुळेच अनिशला नकाशा मिळतो."

"मग मी जिवंतपणी देते. मागितला तर देईन की."

मग आई मेली, पण दुसऱ्या भागात पुन्हा आली. जुळी बहीण म्हणून. ही बहीण मंगळुरूची होती, तरी तिने पुणेरीच बोलायचं ठरवलं. बाळ साने हे पोलीस इन्स्पेक्टर होते, पण एका रविवारी ते वर्दी घरी विसरले, म्हणून त्या दिवसाच्या दृश्यांपुरते निवृत्त इन्स्पेक्टर झाले. पुढच्या रविवारी पुन्हा सेवेत. विमानतळावर शूटिंगची परवानगी मिळाली नाही, तेव्हा बॅगा बदलण्याचा प्रसंग सोसायटीच्या लिफ्टमध्ये घेतला. तोही नीट दिसत नव्हता.

पण एक सांगायला हवं. कथा जिकडे जाईल तिकडे जावो, ही मंडळी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, की बघत राहावीशी वाटत. सान्यांनी चौकशीच्या दृश्यात चष्मा काढून पुसला. वाक्य खरंच विसरले होते ते. पण ते पुसणं इतकं कसलेल्या पोलिसासारखं दिसलं, की समोरचा आरोपी घाबरून स्वतःचंही वाक्य विसरला. सुरेखाताई मेल्या तेव्हा लाइट धरून उभा असलेला माणूस रडला, आणि बहीण म्हणून परत आल्या तेव्हा त्यालाच हायसं वाटलं.

आणि कुलकर्णी काका प्रत्येक दृश्यात मागे होते. कधी दारात, कधी सोफ्याच्या कडेला, कधी झाडांना पाणी घालत. बोलत नव्हते. नुसते होते.

त्यांचं वाक्य मे महिन्यातल्या एका रविवारी आलं. उन्हाने द्वारका भाजून निघाली होती. आवाजासाठी पंखा बंद होता. चंद्रप्रभा खास आली होती, डबा घेऊन. सगळे गोलात उभे राहिले, अनिश म्हणाला, "मग बॅग बदलली कुणी?" आणि कॅमेरा हळूहळू श्यामकांतांच्या चेहऱ्याकडे वळला.

श्यामकांतांनी वाक्य दिलं. म्हणजे, त्यांनी ते 'दिलं', म्हटलं नाही. शुद्ध, स्पष्ट, श्वासात. अनिशच्या कानात नेमकं पडेल असं, आणि त्याच्या पुढे एक वीत नाही.

"कट," सिद्धांत म्हणाला. "काका, जरा मोठ्याने."

"हो."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते आवाज चढवू लागले, तोच डोक्यावरून विमान गेलं. चौथ्यांदा आणखी एक. द्वारकेवरून रविवारी इतकी विमानं जातात, हे तोवर कुणी मोजलं नव्हतं. पाचव्यांदा आवाज पुन्हा आपल्या जागी, म्हणजे श्वासात, परत गेला.

"खासनीस," सान्यांनी घाम पुसत सांगितलं, "समजा मी अडलोय. आणि बहिरा झालोय."

"तुम्ही अडला नाहीत ना पण," श्यामकांत ओशाळून म्हणाले. "इथे कुणीच अडलेलं नाही. मला कारणच सापडत नाहीये."

चंद्रप्रभाने डबा उघडला आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण श्यामकांतांच्या ताटात तिने भात दोनदा वाढला.

खरा घोटाळा जूनमध्ये उघडकीला आला. सिद्धांतने खासनीस नवराबायकोला घरी बोलावलं, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "काका, हे बघा. मग हे बघा. आता हे."

पहिल्या दृश्यात सुरेखाताई मरता मरता बोलत होत्या, आणि मागे दारात उभ्या कुलकर्ण्यांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. दुसऱ्यात साने आरोपीची चौकशी करत होते. सोफ्याच्या कडेला कुलकर्णी तेच शब्द पुटपुटत होते, तेही अर्धा श्वास आधी. तिसऱ्यात रेवती कोमातून बोलत होती. कुलकर्णी झाडांना पाणी घालता घालता तिच्याही बरोबर.

"अख्ख्या पिक्चरमध्ये आहे, काका. एक फ्रेम सुटलेली नाही."

श्यामकांतांनी चष्मा वर केला, जवळ जाऊन पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं. आपण विंगेत कसे दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "कापून टाका मला."

"कापू कसं? तुम्ही सगळीकडे आहात. तुम्हाला कापलं, तर पिक्चर उरतो आठ मिनिटांचा." सिद्धांतने डोकं खाजवलं. "हे मी मॅनेज करतो. पण एक वाक्य आहे तुमचं, तिथे आवाजच नाही. विमान आहे नुसतं. तिथे अनिशचा आवाज लावू? जरा म्हातारा करून?"

चंद्रप्रभा म्हणाली, "नको."

"काकू, पण कळायला तर पाहिजे ना बॅग कुणी—"

"सिद्धांत, बाळा, यांचा आवाज मी घरात रोज ऐकते. तो सभागृहात ऐकायचा होता. भाड्याचा आवाज लावायचा असेल, तर कुणाचाच नको. बोलू दे त्यांना तसंच मुक्याने."

"ताईंच्या बहिणीसारखं काहीतरी जुळवता येईल का?" श्यामकांतांनी मदतीच्या सुरात विचारलं.

शेवटी सिद्धांतने कुलकर्ण्यांच्या ओठांवर लांबलचक क्लोजअप ठेवला, आवाज पूर्ण काढून टाकला आणि स्वतःला समजावलं, की हे जास्त कलात्मक आहे. श्यामकांतांनी दाढी करताना वाक्य म्हणणं बंद केलं. चंद्रप्रभाच्या ते लक्षात आलं. तिने तळेगावला न्यायचं सामान बांधायला त्याच आठवड्यात सुरुवात केली.

गणपती सप्टेंबरात आले. हॉल भरला. स्टेजवर नाटकाच्या पडद्याच्या जागी पांढरा पडदा टांगला होता. चंद्रप्रभा पहिल्या रांगेत आपल्या जागी बसली आणि शेजारची खुर्ची तिने पर्स ठेवून राखली. श्यामकांत आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये प्रेक्षक म्हणून बसणार होते.

ते बसले. राष्ट्रगीतानंतर पुन्हा बसले. मग पाय अवघडल्यासारखे झाले. चित्रपट सुरू झाल्यावर ते म्हणाले, "जरा आलोच," आणि उठले. चंद्रप्रभाला वाटलं, बाथरूम. ते विंगेत गेले. लोखंडी खुर्ची तिथेच होती. त्यावर कुणीतरी मोदकांचं ताट ठेवलं होतं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि बसले. विंगेतून पडदा तिरका दिसत होता. त्यांना तसाच बघायची सवय होती.

हॉलमध्ये लोकांना काही कळत नव्हतं, पण कुणी उठतही नव्हतं. सुरेखाताई मेल्या तेव्हा नाकं ओढल्याचे आवाज आले, आणि त्या मंगळुरूहून परतल्या तेव्हा शिट्टी वाजली. सान्यांच्या चष्म्याला टाळ्या पडल्या. आणि मध्यंतराच्या सुमारास लोकांचं कुलकर्ण्यांकडे लक्ष गेलं. हा माणूस सगळ्यांचं बोलणं आधीच ओळखतोय. "हा मेलेला आहे," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "नाही, हाच लेखक आहे," दुसरं म्हणालं. तिथून पुढे कुणी नायकाकडे पाहिलं नाही.

शेवटचं दृश्य आलं. अनिशने विचारलं, "मग बॅग बदलली कुणी?"

पडद्यावर कुलकर्ण्यांचा चेहरा आला. ओठ हलले. आवाज नाही. ओठ थांबले. हॉल शांत.

विंगेत श्यामकांत ताठ झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर स्टेज होतं, स्टेजवर प्रकाशात एक माणूस होता, तोंड उघडून, आणि त्याला वाक्य येत नव्हतं. तो माणूस कोण आहे, हे बघायला प्रॉम्प्टरला वेळ नसतो. त्यांनी वाक्य श्वासात दिलं.

पडद्यावरच्या माणसाने ते उचललं नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा दिलं, जरा आवाजात. माणूस ढिम्म.

"काय म्हणाला तो?" पहिल्या रांगेतून सान्यांनी विचारलं, काहीशा मोठ्याने.

मग आयुष्यात पहिल्यांदा श्यामकांतांनी तिसऱ्यांदा वाक्य दिलं.

"ती बॅग मीच बदलली!"

भरदार आवाज होता. तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. पडद्यावर अनिश अगदी वेळेवर वळला आणि म्हणाला, "काका? तुम्ही?"

 टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, हेच तंत्र आहे; आवाज पडद्याबाहेरून आणायचा. सिद्धांतने मागच्या दाराशी उभं राहून दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग लोक वळून बघताहेत असं दिसल्यावर ते हात नमस्कारासारखे जोडले.

टाळ्या ओसरता ओसरता सान्यांनी शेजारी वळून चंद्रप्रभाला विचारलं, "कुठली बॅग?"

 लिफ्टमधलं ते दृश्य अंधारामुळे सिद्धांतने केव्हाच कापून टाकलं होतं.

घरी जाताना श्यामकांत मान खाली घालून चालत होते. पहिल्या रांगेला कधी काही ऐकू न जाऊ देणारा माणूस, शेवटच्या वर्षी अख्ख्या हॉलला ऐकू गेला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर, कपड्यांचे ठेले आवरत होते तिथे, चंद्रप्रभा थांबली.

"आज फार वाईट झालं," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू आलं."

तिने असं म्हणून त्यांचा हात धरला. सरोजिनी नगरच्या भर रस्त्यात तिने हात धरण्याचीही ती पहिलीच वेळ.

मंडळाच्या अंकात उत्तरा दिवेकर यांचं परीक्षण आलं. 'कथानकाचा थांग लागत नाही आणि लागू नये अशीच योजना दिसते. मात्र सहायक भूमिका इतक्या सकस आहेत, की मुख्य भूमिका कुणाची होती, ते विसरायला होतं. श्री. खासनीस यांनी सर्व पात्रांची मनं वाचणारा शेजारी ज्या संयमाने उभा केला, त्याला तोड नाही.' सुरेखाताईंनी ते श्यामकांतांना फोनवर वाचून दाखवलं, 'सर्व पात्रांची' या शब्दांवर थांबून, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माझंही मन. अच्छा. तिथे काय काय वाचलंत, ते कधीतरी सांगा."

चित्रपट पुढे नोएडाला दाखवला, गुडगावला दाखवला. दोन्हीकडे सिद्धांतने श्यामकांतांना गाडीने नेलं, कारण त्यांच्याशिवाय शेवट होत नव्हता. दोन्हीकडे पडद्याच्या बाजूला लोखंडी खुर्ची मिळेपर्यंत ते उभे राहिले. निवृत्त झाल्यावर ते तळेगावला गेले. डिसेंबरात पुण्याच्या एका संस्थेने चित्रपट मागवला, तेव्हा ते तिथूनही गेले, एसटीने, चंद्रप्रभाला बरोबर घेऊन. आता ती आधी पहिल्या रांगेत बसते आणि मग हळूच मागे सरकत शेवटच्या रांगेत जाते. तिथवर पोचतो का, ते बघायला.

मानधनाचा विषय पुण्यात निघाला. सिद्धांत म्हणाला, "काका, पूर्ण झाल्यावर म्हणालो होतो ना? त्यात तुमचं वाक्यच नाही अजून. पिक्चर पूर्ण कुठे झालाय?" श्यामकांतांनी विचार केला आणि हिशेब म्हणून त्यांना तो बरोबर वाटला.

सहाशे रुपये अजून यायचे आहेत.